व्यायाम कामाला जोडा, घड्याळाला नव्हे

संपादक महोदय,

व्यायामाला वेळ मिळत नाही, ही तक्रार बहुतेकदा खरीच असते. पण सलग तासभर मिळालाच पाहिजे, असे कोणी सांगितले? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. ती किमान दहा मिनिटे सलग हवी, ही जुनी अट २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेली नाही.

म्हणून व्यायाम रोजच्या एखाद्या कामाला जोडावा. ‘सकाळी साडेसहाला’ ठरवलेला एका जागरणात बारगळतो. ‘दात घासताना’ ठरवलेला सहसा नाही. बेसिनला एक हात टेकून टाचा उचला, दोन सेकंद थांबा, सावकाश खाली आणा. असे १०-१५ वेळा. टाचा धपकन आपटल्या तर पोटऱ्यांना पुरेसे काम पडत नाही. खुर्चीतून उठताना हातांचा आधार टाळा: पुढच्या कडेला सरका, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, पुढे झुकून उठा. लगोलग आणखी पाचदा ऊठबस केली की मांड्यांचा व्यायाम झाला. गुडघे आत वळू लागले, की थांबा. स्नायू थकले आहेत.

चालण्याचा वेग असा हवा, की बोलता येईल पण गाता येणार नाही. मोबाइल बघत घातलेली शतपावली यात धरू नये!

फसते ते उत्साहात. पहिल्याच दिवशी चार सवयी लावल्या जातात. एकच घ्या, ती आठवण न करता होऊ लागली की दुसरी. छातीत दुखणे, चक्कर किंवा सांध्याला सूज असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

– एक फिजिओथेरपिस्ट वाचक