तुला एकही वाक्य नव्हतं

पुणे,
रविवार रात्र

प्रिय सुमे,

उशिराबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाल. पेपर तपासता तपासता महिना गेला. परवा माळ्यावरची पेटी काढली, तर स्नेहसंमेलनात आपण ब्राउनिंगची कविता नाटकासारखी केली होती, तो फोटो सापडला. मी ड्यूक, ओठांवर काजळाची मिशी; आणि तू स्टुलावर बसलेली, सोयरिकीची बोलणी करायला आलेला वकील. 'सगळं हिनंच बोलायचं, मी नुसतं ऐकायचं?' म्हणून आठवडाभर रुसली होतीस.

आता वाटतं, अवघड काम तुझंच होतं.

इंग्रज कवी ब्राउनिंगनं ती कविता, 'माय लास्ट डचेस', १८४२ साली छापली. अवघ्या छप्पन्न ओळी. ड्यूक तसबिरीवरचा पडदा सारतो आणि होणाऱ्या सासऱ्याच्या माणसाला गेलेल्या बायकोचे दोष ऐकवतो. दोष कसले, तर तिला कशानंही आनंद व्हायचा! मावळता सूर्य, बागेतून कुणी तोडून आणलेली चेरीची डहाळी, ते पांढरं खेचर. त्यापुढे ह्याच्या नऊशे वर्षांच्या घराण्याचं तिला अप्रूप नाही. मग म्हणतो, मी हुकूम दिले, आणि सगळं हसणं एकदम थांबलं. त्यावर लगेच हुंड्याचा विषय. यमकंसुद्धा अशी, की ओळ न थांबता पुढच्या ओळीत शिरते आणि कानाला जाणवतच नाहीत. खरं सांगू? ते बोलताना मला मजा आली होती. टाळ्याही त्यालाच पडल्या. पुढे इतकी वर्षं वर्गात मी मुलांकडून ड्यूकचं स्वभावचित्र लिहून घेतलं. ज्याच्यावरून कविता सुचली असं मानतात, त्या इटलीतल्या फेराराच्या ड्यूकची, अल्फान्सोची, बायको लुक्रेझिया द मेदिची १५६१ साली गेली, सोळा वर्षांची असताना. हे मी तळटीप म्हणून सांगत आले.

शेवटी तू उठून घाईनं निघायचीस आणि मी म्हणायचे, 'छे, बरोबरच खाली जाऊ'. आठवतं? ती घाई सरांनी बसवली नव्हती. तुझी तुलाच सुचली होती.

ड्यूक निदान उघड दुष्ट आहे. मला जास्त राग येतो रोझेटी ह्या इंग्रज कवीच्या 'जेनी' कवितेतल्या सज्जनाचा. शिकलेला माणूस, वेश्येच्या खोलीत बसून रात्रभर तिच्याविषयी विचार करतो. ती त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून झोपलेली. केवढी कणव! पण तिला उठवून एक शब्द विचारत नाही. पहाटे तिच्या केसांत सोन्याची नाणी ठेवतो आणि निघतो. ह्या कवितेचं बाड रोझेटीनं १८६२ साली बायकोच्या, लिझी सिडलच्या, शवपेटीत ठेवलं होतं; १८६९ साली थडगं उकरून परत काढवलं. वर म्हणायचं, तिला जमतं तर तिनंच दिलं असतं!

'जेनी' छापली १८७० साली, आणि त्याच वर्षी ऑगस्टा वेब्स्टर ह्या इंग्रज कवयित्रीची 'अ कास्टअवे' आली. 'टाकलेली' म्हणू या. इथे धंदा करणारी बाई स्वतःच बोलते, आणि काय बोलते! मुलीपणीची रोजनिशी वाचून आधी हसते, मग वकील, पाद्री, डॉक्टर, दुकानदार एकेकाचा हिशेब घेते. घरचा पैसा भावाच्या शिक्षणावर गेला, तेही येतं. तेव्हा इंग्लंडात लष्करी ठाण्यांच्या नि बंदरांच्या गावी पोलिसांना संशय आला की बाईची सक्तीनं तपासणी व्हायची, पुरुषाची नाही. १८६४ सालचा तो कायदा जायला १८८६ उजाडलं. तरी ही बाई रडत नाही. स्वतःलाही सोडत नाही. मध्येच खोटं बोलते, आणि आपण खोटं बोललो हे तिला कळतं. ड्यूकला ते कधीच कळलं नसतं.

आणि शेवट बघ. ड्यूकपुढचा तो वकील, म्हणजे तू, निसटायला बघत होता. इथे दार वाजतं, कुणी मैत्रीण येते. ही आधी मनात कुरकुरते, कसली बडबडी बया आली म्हणून, आणि मग तोंडभरून म्हणते, ये ग, एकटीला अगदी कंटाळा येतो.

दिवाळीत येतेस ना? फोटो तेव्हाच देईन, पोस्टानं नाही.

तुझी,
कुंदा