अँजेलिका किचन बंद झालं. टोफू घरी कसा करायचा

न्यूयॉर्क
१२ एप्रिल २०१७

ती. सौ. आत्यास,
सा. नमस्कार.

इथलं अँजेलिका किचन हे शाकाहारी रेस्टॉरंट गेल्या शुक्रवारी, ७ तारखेला बंद झालं. १९७६ साली सेंट मार्क्स प्लेसवर सुरू झालं, पुढे ईस्ट ट्वेल्थ स्ट्रीटवर आलं. दूध, तूप, लोणी, अंडं यातलं काही न वापरता चाळीस वर्षं लोकांना जेवू घातलं. पैसे फक्त रोख घ्यायचे. असं ठिकाण गेलं याचं फार वाईट वाटतं.

खप कमी होत गेला आणि भाडं वाढत गेलं. इथे दुकानाच्या भाड्याला कायद्याची मर्यादा नाही. करार संपला की मालक मागेल तो आकडा. आपल्याकडे पागडीच्या जुन्या दुकानाला आधार असतो, तसा इथे नाही. शिवाय असल्या स्वयंपाकाला माणसं फार लागतात: भिजवणं, निवडणं, वाटणं. भाडं वाढलं म्हणून वाटीभर भात-घेवड्याचा भाव किती चढवणार?

तिथला ड्रॅगन बोल सगळ्यांच्या तोंडी असायचा. भात, शिजवलेलं कडधान्य, टोफू (म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर), समुद्री शेवाळ, वाफवलेल्या भाज्या आणि वर ओतायला दाटसर ड्रेसिंग. शेवाळ सोडलं तर सगळं लातुरात मिळतं. सोयाबीन तर पोत्यांनी मोंढ्यावर येतं आणि सरळ तेलाच्या मिलला जातं, पानात काही येत नाही. म्हणून टोफूचं नीट लिहिते.

पाव किलो सोयाबीन रात्री भिजव. तुमच्या उन्हाळ्यात सहा-सात तास पुरे, मधे एकदा पाणी बदल, नाहीतर आंबतं. दाणा फोडून बघ: डाळीची आतली बाजू सपाट दिसली की भिजलं, मधे खळगा असेल तर अजून वेळ आहे. कच्चट दाण्याचं दूध कमी निघतं.

एकूण दोन लिटर पाण्यात थोडं थोडं घालून मिक्सरवर बारीक वाट आणि पंचातून घट्ट पिळून गाळ. दूध दुप्पट मोठ्या पातेल्यात घे, कारण उकळायच्या आधीच फेस भराभर वर येतो आणि उकळी आली असं वाटतं. ती खरी उकळी नव्हे. फेस बसल्यावर खरी उकळी येते, तिथून दहा मिनिटं मोज. कमी उकळलं तर कच्चा वास राहतो आणि पोटाला त्रास होतो. उलथनं तळाला लावून हलवत राहा, एकदा खाली लागलं की करपट वास सगळ्या दुधाला लागतो.

गॅस बंद करून पाच मिनिटं थांब. चार मोठे चमचे लिंबाचा रस अर्धा कप कोमट पाण्यात मिसळून तीन वेळा विभागून घाल. प्रत्येक वेळी एकदाच हलकेच फिरव. पनीरसारखं घुसळत बसलीस तर टोफू रवाळ आणि कोरडा होतो. झाकून पंधरा मिनिटं ठेव. वरचं पाणी पिवळसर, नितळ दिसायला हवं. दुधाळ असेल तर अजून चमचाभर रस घाल. मग कापड घातलेल्या चाळणीत ओतून वर किलोभर वजन वीस मिनिटं ठेव. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास होतो. पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो, पाणी रोज बदल.

ड्रेसिंगसाठी पांढरे तीळ मंद आचेवर जेमतेम भाज, तांबूस झाले की कडू लागतात. कुटाला तेल सुटेपर्यंत मिक्सर थांबून थांबून फिरव. त्यात लिंबू, मीठ आणि चमचा-चमचा पाणी. पहिल्या पाण्याला ते एकदम घट्ट आणि गुठळ्या झाल्यासारखं होतं. फसलं समजून टाकून देऊ नकोस. अजून पाणी घालत फेटत गेलं की गुळगुळीत होतं.

राजमा किंवा चवळी भातावर घालायला पुरे. भाज्यांत भोपळा आधी वाफेवर ठेव, आठेक मिनिटं. फ्लॉवर नंतर, पालक अगदी शेवटी, मिनिटभर.

गाळल्यावर उरलेला चोथा थालीपिठात घाल, पण त्याच दिवशी. या उन्हात लगेच आंबतो. वरचं पाणी नितळ झालं का ते फोनवर सांग. नसेल झालं तर लिंबं किती रसाची होती तेही सांग, मग माप बदलू.

तुझी,
भाची