पाणी उकळून हे जात नाही

संपादक साहेब,

पावसाळा आला की आई अजूनही पिण्याचं पाणी उकळते, चांगलं खळखळून, मग थंड झालं की हंड्यावर फडकं बांधून गाळते आणि फडक्यावर जो मातकट गाळ राहतो तो मला बोलावून दाखवते, बघ, गेली घाण. तिला कसं सांगू की पीफास नावाची जी केमिकल्स आहेत, नॉनस्टिक तव्याचं कोटिंग, रेनकोट, आग विझवायचा फोम यात वापरतात ती, ती उकळून जात नाहीतच, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. क्लोरीनने जंतू मरतात, यांना काही होत नाही.

अमेरिकेने २०२४ मध्ये यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोघांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅमची (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) मर्यादा ठरवली. पिण्याच्या पाण्यासाठीचं आपलं २०१२ चं आयएस १०५०० स्टँडर्ड बघा, त्यात शिसं आहे, आर्सेनिक आहे, कीटकनाशकं आहेत, पण यांचं नावच नाही. यादीतच नाही तर तपासणार कोण? मुंबईला येणारं भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी खराब आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण न तपासता चांगलं तरी कसं म्हणायचं! आरओने हे बरंच कमी होतं, पण चाळीतल्या किती घरांना ते मशीन परवडतं?

पालिकेने भांडुपच्या पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधल्या पाण्याची ही टेस्ट करून आकडे जाहीर करावेत, आणि स्टँडर्डमध्ये मर्यादा लवकर यावी.

- एक वाचक, मुलुंड