हेर्झलच्या आधीची माणसं: रिवकाला पत्र

ठाणे

प्रिय रिवका,

शालोम बाळा.

तुझ्या ऑफिसातल्या त्या गृहस्थानं तुला ऐकवलं की ज्यूंना पॅलेस्टाईनला परत नेणारी सगळी चळवळ थिओडोर हेर्झलपासून सुरू झाली, आणि वर विचारलं की तुम्ही इंडियावाले ज्यू तेव्हा कुठे होतात. तुला दुसरा प्रश्न लागला. मला पहिलं विधान जास्त खटकलं, म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो. मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून पत्र.

ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं असं सांगणारं हेर्झलचं पुस्तक १८९६ चं, त्यानं बासेलला भरवलेली ज्यूंची परिषद १८९७ ची. तू इस्रायलमध्ये राहतेस ते रिशोन लेझिऑन वसलं १८८२ साली. त्या माणसाचं म्हणणं खोडायला तुझं गावच पुरेसं आहे. पेताह तिक्वा हे दुसरं गाव त्याच्याही आधीचं, १८७८ चं. ते तर रशियातून पळून आलेल्यांनी वसवलेलंही नाही. जेरुसलेममधल्याच काही धर्मनिष्ठ ज्यू मंडळींनी दानधर्मावर जगणं पुरे म्हणून शेती करायला घेतलं. यार्कोन नदीकाठच्या दलदलीत हिवतापानं त्यांचे हाल केले, वस्ती सोडावी लागली, काही वर्षांनी पुन्हा उभी राहिली.

परत जायची ओढ कुणी नव्यानं शोधून काढलेली नाही. सेदरच्या, म्हणजे वल्हांडणाच्या जेवणाच्या, रात्री "पुढल्या वर्षी जेरुसलेमला" आपण ठाण्यात म्हणतो, तसं ते ओडेसात म्हणत आणि बगदादमध्येही. मशीहा, म्हणजे देवानं पाठवायचा तारणहार, येईल तेव्हा येईल, आधी जमीन कसायला घ्या, असं रब्बी (धर्मगुरू) अल्कलाई आणि रब्बी कालिशर यांनी १८८० च्या कितीतरी आधी लिहून ठेवलं होतं. १८७० मध्ये तिथल्या याफा बंदराजवळ मिक्वे इस्रायल ही शेतकी शाळाही निघाली. पण माणसं हलली नाहीत. प्रार्थना म्हणायची आणि दुकान उघडायचं, असंच चाललं होतं. मी त्यांना नावं ठेवत नाही, आपणही तेच केलं.

हलली ती १८८१ नंतर. मार्चमध्ये झार अलेक्झांडर दुसरा याचा खून झाला आणि एप्रिलमध्ये येलिसावेतग्रादला ज्यूंची घरं-दुकानं फुटायला लागली. तिथून ते लोण दक्षिण रशियाभर पसरलं. सरकारनं पुढल्या मे महिन्यात कायदे केले ते दंगलखोरांविरुद्ध नाहीत, ज्यूंविरुद्ध: शहरं आणि मोठी गावं सोडून बाहेर नव्यानं राहायचं नाही.

इथे मला पिन्स्कर आठवतो. तुमच्याकडे त्याच्या नावाचे रस्ते आहेत, पण तो कोण हे सांगणारा मला अजून भेटायचा आहे. लिओ पिन्स्कर ओडेसातला डॉक्टर. आयुष्यभर त्याचा विश्वास असा की ज्यूंनी रशियन शिकावं, चांगले नागरिक व्हावं, हळूहळू सगळं ठीक होईल. त्याच्यासारख्यांची पोरं रशियन शाळांत शिकली, आणि तरी १८८१ ला ना शेजारी मधे पडले ना पोलीस. वर रशियन क्रांतिकारकांतल्या काहींनी त्या दंगलींचं स्वागत केलं, शेतकरी जागा झाला म्हणून! साठीच्या या माणसानं आपलं सगळं मत बदललं. १८८२ मध्ये बर्लिनला जर्मन भाषेत एक छोटी पुस्तिका निघाली, "ऑटो-इमॅन्सिपेशन". लेखकाचं नाव नव्हतं, फक्त एक रशियन ज्यू एवढंच. त्यात तो डॉक्टरसारखाच बोलतो. ज्यूंचा द्वेष हा पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा मानसिक आजार आहे, युक्तिवादानं तो बरा होत नाही. स्वतःची जमीन मिळवा.

कुठली जमीन? गंमत अशी की पिन्स्करचा पॅलेस्टाईनसाठी हट्टच नव्हता. अमेरिकेत मिळाली तरी चालेल, असा त्याचा सूर. आणि नेमका हाच माणूस "होवेवेई झिऑन", म्हणजे सियोनच्या (जेरुसलेमच्या) चाहत्यांचा, पुढारी झाला. रशियात अशी मंडळं गावोगावी निघाली होती. परवानगी नव्हती, म्हणून १८८४ च्या नोव्हेंबरात सीमेपलीकडे, तेव्हाच्या प्रशियातल्या कॅटोविट्सला त्यांनी परिषद भरवली. अध्यक्ष पिन्स्कर, सोबत रब्बी मोहिलेवर. देव मानणारा रब्बी आणि रशियन शिकलेला डॉक्टर एका टेबलाशी, आणि दोघांची चिंता एकच: तिकडे गेलेल्या पोरांना पैसे कुठून पाठवायचे?

ती पोरं म्हणजे "बिलू". खारकोवचे विद्यार्थी, नाव बायबलातल्या यशाया संदेष्ट्याच्या एका ओळीच्या आद्याक्षरांवरून घेतलेलं. शेकडोंनी नावं नोंदवली, पण जुलै १८८२ मध्ये याफाला उतरली पहिली तुकडी जेमतेम चौदा जणांची. हातात कधी कुदळ धरलेली नाही. मिक्वे इस्रायलमध्ये मजुरी केली, शिव्या खाल्ल्या, काही परत गेले. उरलेल्यांनी १८८४ मध्ये गेदेरा वसवलं. शेजारच्या कात्रा गावचे फेलाह, म्हणजे अरब शेतकरी, ती जमीन कसत आले होते. कागदावर ती विकली गेली असली तरी त्यांच्या लेखी ती त्यांचीच होती. भांडणं झाली. त्यात १८८८-८९ हे शमिताचं वर्ष आलं. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. दोन हजार वर्षं हा प्रश्न फक्त पुस्तकात होता, आता पेरायचं की उपाशी राहायचं असा झाला. काही रब्बींनी जमीन नावापुरती परधर्मीयाला विकून कसायची मुभा दिली. जेरुसलेमच्या रब्बींना ते अजिबात पटलं नाही.

रिशोनचं तुला माहीत असेल. विहीर लागेना, पैसा संपला, तेव्हा एकजण पॅरिसला बॅरन एडमंड रोथशिल्ड या धनाढ्य ज्यूकडे गेला. बॅरननं पैसे दिले, पाणी लागलं. "पाणी सापडलं" हे शब्द आजही शहराच्या चिन्हावर आहेत, जाता-येता बघ. मग बॅरनचे अधिकारी आले. काय लावायचं, कधी लावायचं, कोणाला पगार द्यायचा, सगळं तेच ठरवायला लागले. द्राक्षं, वायनरी, हे त्यांचंच. १८८७ मध्ये वसाहतीतल्या लोकांनी त्यांच्याविरुद्ध बंड केलं. ज्याच्या पैशावर जगायचं त्याच्याशीच भांडायचं! मला हे फार माणसासारखं वाटतं.

आणि अहद हाआम. खरं नाव आशेर गिन्सबर्ग, होवेवेई झिऑनचाच माणूस. १८९१ मध्ये तो जाऊन बघून आला आणि आपल्याच लोकांना झोंबेल असं लिहिलं. बाहेरच्यांना वाटतं ती भूमी ओसाड पडली आहे. प्रत्यक्षात न पेरलेलं चांगलं शेत शोधून सापडत नाही. अरबांना आपले हेतू कळत नाहीत असं समजू नका, आणि त्यांच्याशी उद्दामपणे वागणारे आपले लोक थांबवा. हे त्या चळवळीच्या आतल्या माणसानं लिहिलंय, हेर्झलचं पुस्तक यायच्या पाच वर्षं आधी. आज या विषयावर दोन्ही बाजूंचे लोक ओरडतात तेव्हा त्यांनी निदान एवढं वाचलेलं असावं असं मला वाटतं. तूही वाच, हिब्रू तुला माझ्यापेक्षा जास्त येते.

आता तुझ्या प्रश्नाकडे. तेव्हा आपण कुठे होतो?

इथेच. आपण बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. ठाण्याचं आपलं सिनेगॉग, शआर हाशामाइम, १८७९ साली बांधलं गेलं. तिकडे पेताह तिक्वात तापानं माणसं पडत होती तेव्हा आपले पूर्वज इथे तेवा, म्हणजे सिनेगॉगातला प्रार्थनेचा चौथरा, बसवत होते. पलटणीत होते, शाळांत शिकवत होते, आणि कोकणात अजून तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी, म्हणजे आपल्या शब्बातच्या दिवशी, काम बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हणत आपल्याला. त्या नावात जातीची पायरीही होती, मी ते गोड करून सांगणार नाही. पण शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून अलिबागेत कुणी तो जाळला नाही. म्हणून पळावं लागलं नाही. बासेलच्या परिषदेचं बोलावणं आलं तेव्हाही आपल्या लोकांनी नकारच दिला; देव नेईल तेव्हा जाऊ, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या संख्येनं गेलो ते १९४८ नंतर, आणि गेल्यावर आम्ही पुरते ज्यू आहोत हे तिथे मान्य करून घ्यायला १९६४ उजाडलं.

मार पडल्याशिवाय माणूस हलत नाही, असा माझा सिद्धान्त तुझी मम्मी मोडीत काढते. ती म्हणते, येमेनच्या ज्यूंचं काय? बरोबर आहे तिचं. १८८१-८२ मध्ये ते कुठल्या मंडळाशिवाय, वर्गणीशिवाय निघाले, बिलूवाल्यांच्याही आधी पोचले, आणि जेरुसलेममध्ये त्यांना धड घर मिळालं नाही. शहराबाहेरच्या सिलवान गावच्या उतारावर राहिले. त्यांच्या नावानं रस्ते किती आहेत ते मात्र तू मोजून कळव.

आणि त्या गृहस्थाला एक विचार. १८८१ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांवर ज्यू बाहेर पडले, त्यातले बहुतेक अमेरिकेला गेले. पॅलेस्टाईनला पहिल्या लाटेत गेलेले पंचवीस-तीस हजार, त्यातलेही पुष्कळ परतले. तेव्हा त्याचे खापरपणजोबा १८८२ साली नक्की कुठे होते? माझा अंदाज, न्यूयॉर्कच्या बोटीचं तिकीट शोधत असतील.

शब्बात शालोम,
तुझे पप्पा