काउंटरवरच्या प्रश्नात एक शब्द वाढवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर इथे इंदूरला हातात मिळत नाही, मी मोबाइलवरच वाचते आणि हे पत्रही मोबाइलवरच टाइप करतेय, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घ्या. बत्तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ काढले, आता माझे तुम्ही काढा.

विषय जरा वेगळाच आहे, विमानात वेप नेण्याचा. वेप म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, आत लिक्विड असतं, ओढलं की एक बारीक तार तापते नि त्या लिक्विडची वाफ होते. मला यातलं मागच्या महिन्यापर्यंत काही म्हणजे काही माहीत नव्हतं. चार दिवस ती डबी आमच्या हॉलमधल्या टेबलावर पडलेली होती आणि मी तिला पेनड्राइव्ह समजून दोनदा पुसून जागेवर ठेवली.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा इंग्लंडला असतो, तो घरच्या लग्नाला आला होता, आधी मुंबई मग इंदूर. तिकडे हे दुकानात उघड मिळतं, इतकंच काय २०२३ मध्ये तिथल्या सरकारने सिगारेट सुटावी म्हणून दहा लाख लोकांना वेपचे किट फुकट द्यायची योजना जाहीर केली होती. एकदा वापरून फेकायचे वेप १ जून २०२५ पासून तिथे बंद झाले, पण चार्ज करायचे चालतात. आमच्या या पोराला दिवसाला पाकीटभर सिगारेट लागायची ती या डबीवर सुटली, आठ महिने झाले हात लावला नव्हता, त्यामुळे माझी बहीण त्या डबीकडे औषधाच्या बाटलीसारखी बघते. ते बरोबर की चूक हे डॉक्टरांनी सांगावं, माझा मुद्दा तो नाहीये.

मुद्दा हा की आपल्या देशात ही वस्तू बंद आहे. आणि यातली एक गंमत बघा. इंदूरहून पहिलं परदेशी विमान १५ जुलै २०१९ ला दुबईला उडालं, केवढं कौतुक झालं होतं आपल्याकडे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुबईवाल्यांनी म्हणजे यूएईने वेपची विक्री कायदेशीर केली आणि त्याच वर्षी १८ सप्टेंबरला आपल्या सरकारने वटहुकूम काढून बंद केली, पुढे डिसेंबरात त्याचा कायदा झाला. म्हणजे इंदूरला दुबईचं दार उघडलं आणि दोन महिन्यांनी दाराच्या त्या बाजूला जे चालतं ते या बाजूला गुन्हा झालं. बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, जाहिरात, पहिल्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर तीन वर्षं नि पाच लाखापर्यंत. साठा केला तर सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. हे सगळं मी नंतर वाचलं. खरं म्हणजे पोरगा मुंबईत उतरला तेव्हाच चूक झाली होती, ती तिथे कोणी पकडली नाही एवढंच, आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. आम्हाला तरी कुठे होता.

तर परत जायचा दिवस. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन, बिजासन मातेच्या टेकडीला गाडीतूनच हात जोडून आम्ही एअरपोर्टला गेलो. मी नि बहीण बाहेर, तो आत. आतलं सगळं त्याने नंतर फोनवर सांगितलं. काउंटरवरच्या मुलीने नेहमीचं विचारलं, बॅगेत पॉवर बँक आहे का, लायटर आहे का, माचिस, सुटी बॅटरी, नारळ. (सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही असं त्याचा मामा मला पाच वर्षं सांगतोय, ते खरंच निघालं.) त्याने पॉवर बँक काढून हातातल्या बॅगेत टाकली. वेपचं नाव त्या यादीत नव्हतं म्हणून त्याने काही सांगितलं नाही, ती आधीपासून हातातल्या बॅगेतच होती. मोठी बॅग पट्ट्यावरून गेली. पुढे सिक्युरिटीला ट्रे थांबला. हे काय आहे, वेप, चालत नाही. तो म्हणाला सगळ्या जगात हातातल्या बॅगेतच ठेवायला सांगतात. ते म्हणाले इथे दोन्हीकडे चालत नाही, त्या डब्यात टाका. आवाज चढवला नाही, बरे वागले, टाकली त्याने डब्यात.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते पुढे आहे. लाइनीत मागे उभा असलेला एक माणूस, चांगला सूटबूटवाला, त्याला हळूच म्हणाला, अरे भिया, हाथ में क्यूँ रखा, मैं तो मोजे में लपेट के चेक-इन में डाल देता हूँ, कोई नहीं पूछता.

हे ऐकून मी घरी आमच्या ह्यांना सांगितलं, ते वीज मंडळातून रिटायर झालेत. चहाचा कप खाली ठेवला त्यांनी. मग अर्धा तास वर्ग घेतला माझा. त्यातलं जेवढं समजलं ते असं. या डबीत लिथियमची बॅटरी असते. पॉवर बँकेच्या मानाने बारकी, म्हणजे वीस हजार एमएएचची पॉवर बँक वॉट-अवर या विजेच्या साठ्याच्या मापात ७४ची होते (३.७ व्होल्टने गुणा नि हजाराने भागा, विमानात परवानगीशिवाय १०० पर्यंत चालतं) आणि वेपमधला सेल त्याच्या कितीतरी खाली. पण वेपची गोष्ट अशी की या बॅटरीला तापणारी तार कायमची जोडलेली आहे, तापवणं हेच तिचं काम. बॅगेत कपडे दाबून भरलेले, एखादं बटण दाबलं गेलं, किंवा नुसत्या दाबाने ओढल्यासारखं तिला वाटलं की तार तापायला लागते, आणि तिला गुंडाळलेलं काय तर मोजा. लिथियमचा सेल एकदा पेटला की तो स्वतःच स्वतःला तापवत जातो. सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन नावाचा गॅस सोडतात, तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली भट्टी थंड करत नाही. वर सीटजवळ पेटलं तर दिसतं तरी, एअर होस्टेस येते, विझवते, वरून पाणी ओतते. खाली कोण ओतणार. ऑगस्ट २०१४ मध्ये बोस्टनला विमान जमिनीवरच उभं होतं तेव्हा खालच्या सामानात ठेवलेल्या ई-सिगारेटने आग लागली, प्रवासी उतरवावे लागले. अशा प्रकारांनंतर २०१५ मध्ये आयकाओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची विमानांचे नियम करणारी संस्था, तिने जगभर सांगितलं की ही वस्तू चेक-इन बॅगेत नको, हातातच ठेवा, आणि विमानात चार्जही करू नका.

म्हणजे बघा, बाहेरच्या देशांतला नियम आगीचा आहे आणि आपला नियम बंदीचा. दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण प्रवाशाच्या डोक्यात काय होतं. हातातल्या बॅगेत नाही म्हणाले ना, मग टाका मोठ्या बॅगेत. सुरी, कात्री, तेलाची बाटली, लोणच्याचा डबा, आपण सगळं असंच करत आलोय, वर नाही तर खाली. वेपच्या बाबतीत नेमकं हेच सगळ्यात वाईट, कायदा मोडतोच वर शे-दीडशे माणसांच्या पायाखाली निखारा ठेवल्यासारखं. आणि बंदी जितकी कडक तितके हे मोजेवाले वाढणार, कारण हातातली पकडली जाते हे आता सगळ्यांना कळलंय.

मग काउंटरवर विचारत का नाहीत? मी एका ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटला विचारलं तर तो हसला. म्हणाला काकू, जी वस्तू देशात विकायलाच बंदी ती लोकांकडे आहे असं धरून कसं विचारणार. मला हे उत्तर पटलं नाही पण खरं कारण हेच असावं असं वाटतं. कागदावर नाही म्हणून प्रश्नात नाही. आणि इंदुरात नाही का? कॉलेजच्या बाहेर संध्याकाळी जाऊन उभे राहा, ती स्ट्रॉबेरीसारखी गोड वाफ कुठून येते ते बघा. मी आधी समजायची कोणीतरी अगरबत्ती लावलीये.

माझी मागणी छोटी आहे. चेक-इनच्या काउंटरवर पॉवर बँक-लायटर म्हणतात त्यात वेप हा शब्द वाढवा, बॅग पट्ट्यावर जायच्या आधी, नंतर नाही. तिथेच एक डबा ठेवा, टाक बाबा आणि जा, चौकशी नको घाबरवणं नको, नाहीतर कोणी सांगणारच नाही. आणि बोर्ड लावा हिंदीत, इंग्रजीत, मराठीतही लावलात तर होळकरांच्या गावाला शोभेल, एअरपोर्टला नाव अहिल्याबाईंचं आहे. बोर्डावर नुसतं ई-सिगारेट लिहून भागत नाही, चित्र काढा, कारण ती आता सिगारेटसारखी दिसतच नाही, हायलायटर पेनसारखी, अत्तराच्या कुपीसारखी, कशीही दिसते. पेनड्राइव्हसारखीसुद्धा, मी पुसलीये.

दुसरी विनंती टूरवाल्यांना. बँकॉक-सिंगापूरच्या ग्रुपला जायच्या आधी बोलावून सेव किती न्यायची, लोणचं कसं पॅक करायचं, सॉकेट कुठलं लागेल हे सगळं सांगतात, मी स्वतः बसले आहे त्या मीटिंगला. वेपचं एक अक्षर नाही. थायलंडमध्ये ही वस्तू आणायला २०१४ पासून बंदी आहे आणि सिंगापुरात नुसती जवळ सापडली तरी गुन्हा, १ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या माणसाला पहिल्या वेळचा दंड ७०० सिंगापुरी डॉलर. पोरं दुबईच्या मॉलमधून उत्साहाने घेतात नि येताना घेऊन येतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाला अमकं आण तमकं आण म्हणणारे आपणही असतोच.

आणि हो, विमानात जाऊन बाथरूममध्ये ओढणारे. धूर नाही, वाफ आहे, कोणाला कळणार असं त्यांना वाटतं. तिथला अलार्म वाफेनेही वाजू शकतो, आणि वाफ असली तरी विमानात तिला सिगारेटच धरतात. १९७३ मध्ये पॅरिसजवळ ब्राझीलच्या विमानाच्या बाथरूममधल्या कचऱ्याच्या डब्यात आग लागली, पेटती सिगारेट टाकली असावी असा संशय, १२३ माणसं गेली. म्हणून तर सिगारेटला बंदी असूनही आजच्या नव्या विमानाच्या बाथरूमपाशी अॅश-ट्रे असतो, ओढलीच कोणी तर निदान कागदांवर टाकू नये. प्रवाशांचं कशाला, जुलै २०१८ मध्ये हाँगकाँगहून निघालेल्या एका चिनी विमानात को-पायलटच वेप ओढत होता, वाफ केबिनमध्ये जाऊ नये म्हणून पंखा बंद करायला गेला आणि चुकून एअरकंडिशनिंग बंद केलं, विमान पस्तीस हजार फुटांवरून दहा हजारांवर आणावं लागलं. ह्यांनी हे सांगितलं तेव्हा मी आधी खरं मानलं नाही.

आमच्या पोराचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मुंबईत पाच तास थांबायचं होतं, डबी इंदूरच्या डब्यात, जीव कासावीस. सिगारेटचं पाकीट बॅगेत चालतं, आणि एअरपोर्टवर स्मोकिंग रूम ठेवायला २००३ च्या तंबाखूच्या कायद्यात परवानगी आहे. तर आठ महिन्यांनी त्याने पहिली सिगारेट तिथे ओढली, सगळं कायद्यात बसवून. आईला सांगू नको म्हणाला. मी सांगितलं नाही, पण माझी बहीण आता हे पत्र वाचेलच, वाचू दे.

फेब्रुवारीत धाकट्याच्या मुंजीला तो परत येणार आहे. डबी तिकडेच ठेवून यायचं ठरलंय. इथे मेडिकलवर निकोटिनचं च्युइंगम मिळतं, दोन मिलिग्रॅमचं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देतात, ते मी आणून ठेवते असं त्याला फोनवर म्हटलं. म्हणाला मावशी, मिंटचं आण, आणि दोन पाकिटं आण, मुंबईतले पाच तास काढायचे आहेत.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
सुदामानगर, इंदूर