3.6 मीटरचा तक्ता नेमका कोणत्या धातूचा?

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : काचेच्या छतासाठी दिलेला स्पॅनचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) तक्ता चुकीचा असल्याबाबत

महोदय,

मुलुंड येथील आमच्या गच्चीवर आपल्या कंपनीने यंदा मार्चमध्ये काचेचे छत बसवून दिले. 100 × 50 × 2 मि.मी.चे अ‍ॅल्युमिनियमचे बॉक्स सेक्शन (पोकळ चौकोनी नळ्या) 1.2 मीटर अंतराने, त्यावर 12 मि.मी. लॅमिनेटेड काच. भिंतीपासून कठड्यावरच्या बीमपर्यंत गाळा 3.6 मीटरचा. मध्ये एखादा आधार द्यावा का, हे मी तेव्हाच विचारले होते. आपल्या प्रतिनिधीने माहितीपुस्तिकेतला, कोणता सेक्शन मधल्या आधाराविना किती मीटर चालतो याचा तक्ता उघडून 3.6 या आकड्यावर बोट ठेवले. "काका, कंपनीनेच छापलंय, डोळे झाकून करा." मी डोळे झाकले.

जूनच्या पहिल्याच मोठ्या सरीत पाणी पन्हळीपर्यंत पोहोचेना. छताला शंभरास एक उतार आहे, तरी मध्याच्या जरा पुढे तळे साचते. कावळे त्यात आंघोळ करतात. खाली चहा घेताना त्यांचे पाय दिसतात. सिलिकॉनचा सांधा दोन ठिकाणी सुटला आहे. पाऊस उघडल्यावर मी सेक्शनच्या दोन्ही टोकांखाली 25 मि.मी.च्या लाकडी गट्ट्या धरून दोरी ताणली. मध्यावर फट भरली 10. म्हणजे 15 मि.मी. झोळ, आणि तोही नुसत्या काचेच्या वजनाने.

फोनवर उत्तर मिळाले, "अ‍ॅल्युमिनियम थोडं बसतंच." मी स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे 31 वर्षे ड्राफ्ट्समन होतो. हे वाक्य ऐकल्यावर जुना कॅल्क्युलेटर काढला.

काचेचे वजन चौरस मीटरला 30 किलो. इमारतींवरच्या भारांचे भारतीय मानक आय.एस. 875, त्याच्या भाग 2 प्रमाणे, वर जा-ये नसलेल्या सपाट छतावर चौरस मीटरला 0.75 किलोन्यूटन (सुमारे 75 किलो) भार धरायचा. 1.2 मीटर अंतराने गुणून, सेक्शनचे स्वतःचे वजन मिळवून सेक्शनच्या दर मीटरला सुमारे 1.27 किलोन्यूटन होतात. तक्त्याखाली बारीक अक्षरांत आपण वाकाची मर्यादा स्पॅन भागिले 200 लिहिली आहे, म्हणजे 18 मि.मी. माझ्या हिशोबाने वाक येतो 51! दोनदा तपासले. मग यंग्ज मॉड्युलस, म्हणजे धातूच्या ताठपणाचा आकडा, 70,000 ऐवजी 2,00,000 घालून पाहिला आणि उत्तर आले 17.9.

अ‍ॅल्युमिनियमच्या जागी पोलादाचा आकडा घातला की आपला 3.6 मीटर अगदी काठावर पास होतो. तक्ता पोलादाचा, माल अ‍ॅल्युमिनियमचा! दोरीचा पुरावाही तेच सांगतो : नुसत्या काचेखाली पोलादाच्या आकड्याने झोळ 5 मि.मी. यायला हवा, माझ्याकडे 15 आहे. खरा आकडा घेतला तर हा सेक्शन 2.5 मीटरपर्यंतच चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बांधकामासाठी आय.एस. 8147 हे स्वतंत्र मानक 1976 पासून आहे. तक्त्यात त्याचा उल्लेखही नाही.

वाक राहू द्या, ताणाचे काय? पूर्ण भाराखाली तो चौ.मि.मी.ला 132 न्यूटन येतो. सेक्शन 6063 टी5 या नेहमीच्या ग्रेडचा असेल तर एवढ्यात तो कायमचा वाकू शकतो. ग्रेड बिलावर नाही, सेक्शनवरही नाही. वाऱ्याचा तर तक्त्यात मागमूस नाही. आय.एस. 875 च्या भाग 3 मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आहे, पुण्यासाठी 39. दाबात वेगाचा वर्ग होत असल्याने मुंबईत तो पुण्याच्या सव्वापटीहून जास्त येतो. एकच तक्ता दोन्ही शहरांत कसा वाटता?

माझी मागणी अशी. एकतर 150 × 50 × 2.5 चे सेक्शन बदलून द्या, किंवा मध्ये बीम टाकून गाळा 1.8 वर आणा. खर्च आपला. बीम टाकणार असाल तर त्याचा भार कठड्यावर नको, खालच्या स्लॅबच्या बीमवर उतरवा. दोन्हीपैकी जे कराल त्याची स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीची गणना आणि मालाचे ग्रेड प्रमाणपत्र द्या. आणि हा तक्ता ज्या ज्या गिऱ्हाइकाला दाखवून काम केले, त्यांना कळवा. माझ्याकडे दोरी होती, सगळ्यांकडे नसते.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा आयोगाकडे जाईन. तोवर छताखालच्या खुर्च्या आत घेतल्या आहेत आणि नातवाला गच्चीचे दार बंद आहे.

आपला,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, तक्त्याचे पान, दोरीचे चार फोटो, हाताने केलेली गणना (दोन पाने)