नाडी दोघांची, जाहिरात मात्र बाईची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पाव पान जाहिरात होती. ‘पाच हजार वर्षांची चिनी विद्या, तीन महिन्यांत हमखास मातृत्व.’ सुया टोचलेलं एका बाईचं पोट, खाली कुरिअरने घरपोच मिळणारं चूर्ण, आणि वर ‘डॉ. कोटणीसांच्या चीनमधून’ अशी ओळ. मी सोलापूरची. डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला. ॲक्युपंक्चर भारतात रुजवलं ते त्यांच्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. बसूंनी, तेही कोटणीस वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. असो, खरा राग वेगळाच आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं शांघायला होतो. मूल होत नव्हतं, म्हणून तिथल्या चिनी वैद्यकाच्या सरकारी रुग्णालयात जात होतो. टेबलावर छोटीशी उशी, तिच्यावर मनगट ठेवायचं. वैद्यबाई तीन बोटांनी आधी एका हाताची नाडी बघत, मग दुसऱ्या. जीभ बघत. मग प्रश्न सुरू: पाळीचा रंग कसा, गाठी पडतात का, शेकल्यावर बरं वाटतं का, पाय गार पडतात का, रात्री घाम येतो का, चिडचिड कधी होते. आपल्याकडे इतकं बारकाईने मला कुणी विचारलं नव्हतं. माझं झाल्यावर त्यांनी बोटानेच नवऱ्याला पुढे बोलावलं. तो बिचारा पिशवी धरायला आलेला! त्याचीही नाडी, जीभ, झोप, सिगारेट, आणि वीर्यतपासणीची चिठ्ठी.

हे त्या बाईंचं आधुनिकपण नव्हे, त्यांच्या शास्त्रातच ते आहे. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात बाईचं आयुष्य सातासातांच्या टप्प्यांत मोजलंय, १४व्या वर्षी पाळी आणि ४९व्या वर्षी ती जाणार. पुरुषाचं आठाआठांच्या, मूल होण्याची ताकद १६ ते ६४. दोघांचीही मदार मूत्रपिंडात साठणाऱ्या ‘जिंग’ नावाच्या सत्त्वावर. सातव्या शतकातले वैद्य सुन सिमियाओ तर सरळ म्हणतात की मूल नसेल तर नवरा-बायको दोघांचीही प्रकृती खालावलेली असते. मग पुरुषाला सात बियांचं चूर्ण, बाईला वेगळ्या गोळ्या. आमच्या घरी मात्र उपासतापास, नवस, ओटी सगळं माझ्याच वाट्याला आलं होतं.

एका तक्रारीला एकच औषध, असंही तिथे नसतं. पीसीओडीच्या (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याच्या तक्रारीच्या) दोन बायका शेजारी बसल्या तर एकीला कफ आणि ओलावा साचलाय म्हणतील, दुसरीची यकृतातली ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, ताणाने अडकलीय म्हणतील, आणि काढे वेगळे देतील. माझं निदान ‘गर्भाशयात थंडी’. पाळी संपल्यावर एक काढा, बीज सुटायच्या सुमारास दुसरा, त्यानंतर तिसरा. दांग ग्वे नावाचं मूळ आणि दालचिनी त्यात असायची. चव विचारू नका. थंड पाणी बंद, रात्री पाय गरम पाण्यात, आणि बीज कधी सुटलं ते कळायला सकाळी अंथरुणातून उठण्याआधी थर्मामीटर. असं औषध कुरिअरने सगळ्यांना सारखंच कसं पाठवणार?

शिवाय त्याच बाईंनी सोनोग्राफी, हार्मोन्सची तपासणी, एचएसजी (गर्भनलिका उघड्या आहेत का ते बघणारा एक्स-रे) सगळं करायला लावलं. नळ्या बंद असतील तर माझ्या काढ्याने उघडायच्या नाहीत, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं.

सुयांचं म्हणाल तर चीनमध्येच पीसीओएस (म्हणजे तोच पीसीओडी) असलेल्या १००० बायकांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. खऱ्या सुया घेतलेल्यांपैकी २१.८ टक्के बाळंत झाल्या, नावापुरत्या सुया घेतलेल्यांपैकी २२.४ टक्के. बीज सुटावं म्हणून देतात त्या क्लोमिफिनच्या साध्या गोळीने मात्र २८.७ टक्के, आणि ती न घेता १५.४. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफ करणाऱ्या ८४८ बायकांचा निकाल आला: खऱ्या सुयांनी १८.३ टक्के बाळंत झाल्या आणि नावापुरत्या सुयांनी १७.८, म्हणजे फरक नाहीच. मला सुयांनंतर झोप छान लागायची, एवढं मी नक्की सांगेन.

आम्हाला मूल झालं की नाही, ते मुद्दाम लिहीत नाही. झालं म्हटलं तर उद्या माझंच पत्र जाहिरातीत लागेल, नाही म्हटलं तर एका बाईवरून अख्खं शास्त्र खोटं ठरेल.

चुर्णाची भीती मात्र खरी आहे. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी मुळाच्या जागी दुसरंच मूळ गेलं आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. तुमच्या जाहिरातीतल्या डब्यावर घटकांची नावंही दिसत नाहीत. आयव्हीएफची इंजेक्शनं चालू असलेली एखादी मुलगी डॉक्टरांना न सांगता ते घेईल.

१९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या यादीत स्त्रियांचं वंध्यत्व आहे. ते बरं करण्याची जाहिरात करता येत नाही. (यादीतही ‘स्त्रियांचं’च, हे वाचून हसू आलं.) आपल्या जाहिरात विभागाला हे माहीत नसेल असं वाटत नाही. येत्या रविवारी ते पाव पान दुसऱ्या कशाला तरी द्यावं, ही विनंती.

— एक वाचक, सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये.)